भाऊजींना येणारे फोन

कंपनीत तिला तोंडावर मॅडम आणि पाठीमागे कुलूपबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. औषधं साठवून दवाखान्यांना पोचवणाऱ्या त्या कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरांची राखण तिच्याकडे होती. कोणी पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवला, तर ती तो कागद काढून त्याच माणसाच्या चहाच्या कपात टाकायची. कप रिकामा होईपर्यंत थांबायची, एवढी दया दाखवायची. अधूनमधून ती स्वतःच सगळ्यांना खोट्या मेल पाठवायची, 'तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा' अशा, आणि जे दाबतील त्यांची नावं कँटीनमधल्या फळ्यावर लागायची. लोक तिला घाबरून असत. लोक घाबरले की सावध राहतात, असं तिचं मत होतं.

तिचा धाकटा दीर त्याच कंपनीत शीतगृहं सांभाळत होता. लसी, इन्सुलिन, डोळ्यांत घालायचे थेंब, थंडीत ठेवावं लागणारं सगळं त्याच्या ताब्यात. ती त्याला भाऊजी म्हणते हे ऐकून आधी शीतगृहातली माणसं, मग ड्रायव्हर, मग गेटवरचे आणि शेवटी खुद्द मोठे साहेबही त्याला भाऊजी म्हणायला लागले. आता पगाराचा कागद सोडला तर त्याचं खरं नाव कुठे उरलं नव्हतं.

एका सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या टेबलाशी दाढीवाला उभा होता. हा तिचा बरोबरीचा सहकारी. कॉम्प्युटरांच्या जाळ्यात कोण शिरलं, कोण बाहेर पडलं यावर नजर ठेवणं हे त्याचं काम.

"काल दुपारी तीन नंबरच्या शीतगृहाचा अलार्म कोणीतरी बंद केला," तो म्हणाला. "थोड्या वेळाने परत चालू केला."

"दुरुस्तीला कोणी आलं असेल."

"कोणी आलं नव्हतं. मला तर चाचपून बघितल्यासारखं वाटतंय. घरात शिरण्याआधी कडी हलवून बघावी तसं."

"कोणाच्या नावाने आत आलेत?"

 दाढीवाल्याने पडदाच तिच्याकडे वळवला. नाव भाऊजींचं होतं.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. त्या वेळी भाऊजी शीतगृहाच्या आत होते. दाराच्या नोंदीत तसं दिसत होतं, आणि आत कॉम्प्युटर नाही. म्हणजे त्यांच्या नावाने दुसरंच कोणीतरी आलं होतं. पण नुसत्या पासवर्डने कोणाला आत येता येत नसे. दर वेळी त्या त्या माणसाच्या मोबाईलवर एक आकडा यायचा आणि तो भरल्याशिवाय दार उघडायचं नाही. ही व्यवस्था तिनेच बसवली होती.

"पासवर्ड चोरता येतो," दाढीवाला हळूच म्हणाला. "पण आकडा…"

"आकडा कोणीतरी द्यावा लागतो," ती म्हणाली.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. "मॅडम, बाहेरचा चोर असता तर आजच सगळं बंद करायला सांगितलं असतं. पण आतला माणूस फितूर असेल, तर त्याला सुगावा लागता कामा नये. त्याच्यामागे कोण आहे ते कळायला हवं. तुम्हाला जमेल ना? घरातलाच माणूस आहे म्हणून विचारतो."

"घरातला असला तरी नियम तोच," ती म्हणाली आणि अहवालात 'संशयित' या शब्दापुढे दिराचं नाव स्वतःच्या हाताने टाईप केलं. टाईप करताना खरं नाव आठवायला तिला क्षणभर थांबावं लागलं.

अलार्मवर आता भरवसा ठेवता येत नव्हता. म्हणून गेटवरच्या बाईला तिने गुपचूप सांगितलं, फेरी मारताना प्रत्येक शीतगृहाच्या दारावरचा साधा थर्मामीटर बघत जा आणि फक्त मला सांग. दोन दिवसांतच भाऊजींच्या ते लक्षात आलं. ते तिच्या टेबलापाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "माझ्यावर पहारा बसवलात वाटतं? बसवा, बसवा. बरंच झालं."

 पहारा बसला म्हणून खूश होणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

घरी तर आणखी अवघड. वर ती आणि तिचा नवरा, खाली भाऊजी आणि त्यांची बायको, जिला घरात सगळे धाकटी म्हणत. सासूबाई जिथे टीव्ही चालू असेल तिथे. संध्याकाळचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र, खालच्या मजल्यावर. त्या आठवड्यात जेवताना तिचं ताटाकडे लक्षच नव्हतं. भाऊजींचा मोबाईल वाजायचा, ते पडद्यावरचं नाव बघायचे, एकदा चोरट्या नजरेने तिच्याकडे बघायचे, मग फोन कापून ताटावर मान घालायचे. जेवण होऊन ती वर गेली की अंगणात येऊन थांबायचे, पुन्हा आलेला फोन तोंडावर हात धरून घ्यायचे; तिला वरच्या खिडकीतून दिसायचं.

"कोणाचा फोन?" एकदा तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"कामाचा."

"कामाचा म्हणजे आपल्याच कंपनीचा ना?"

भाऊजींनी चक्क डोळा मिचकावला. "आता वहिनी, तुम्हाला का मी सांगायचं? काळजी करू नका, माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

धाकटी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. कुलूपबाईच्या हातातला घास तसाच राहिला. हा माणूस आपल्याला धमकी देतोय, की सगळं आपल्याला कळलंय हे ओळखून खेळवतोय? इतकी वर्षं एका ताटलीतलं वाटून खाल्लं, आणि याच्या चेहऱ्यामागे काय आहे ते कळलंच नाही?

वर आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण राहवलं नाही. तो आधी हसला.

"अगं, लहानपणी त्याची सायकल चोरीला गेली, तेव्हा हा रडत होता ते सायकलसाठी नाही. पंप घरी राहिला, आता चोर हवा कशी भरणार म्हणून. तो आणि कट?"

"अशीच माणसं गळाला लागतात," ती म्हणाली.

"मग त्याला सरळ विचार."

"विचारलं की सावध होईल."

नवरा हसायचा थांबला. "तू माझ्याबद्दलही असाच विचार करतेस का गं कधी?"

ती नाही म्हणाली, पण जरा उशीर लागला. तो कूस बदलून झोपला.

दाढीवाल्याच्या पडद्यावर रोज काहीतरी नवीन दिसत होतं. भाऊजींच्या नावाने कोणीतरी येई, दवाखान्यांचे पत्ते आणि औषधांचे साठे चाळून जाई. कधी अलार्मच्या सेटिंगमध्ये डोकावे. मोठे साहेब म्हणत, अजून थोडं थांबा, मागचा माणूस सापडेल. ती थांबली. आता ती प्रत्येकाकडेच तशी बघायला लागली होती. दाढीवाला फोनवर बोलताना आवाज खाली का आणतो? गेटवरची बाई थर्मामीटर खरंच बघते का? कँटीनमध्ये ती शिरली की बोलणी थांबायची. पूर्वीही थांबायची, पण आता त्याचा अर्थ वेगळा वाटायचा.

रविवारी दुपारी घर सुस्त होतं. सासूबाई टीव्हीसमोर पेंगत होत्या, नवरा बाहेर गेला होता. भाऊजी अंघोळीला गेले आणि त्यांची ऑफिसची बॅग जिन्याखालच्या खुंटीला लटकत होती. तिने तिकडे बघितलं, मग न्हाणीघराच्या बंद दाराकडे. मग बॅग खाली काढली आणि चेन उघडली. डबा, मफलर, हातमोजे, सर्दीच्या गोळ्या. दुसरा मोबाईल असेल अशी तिची अटकळ होती. तिने आतल्या कप्प्यात हात घातला.

"काय शोधताय ताई?"

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओलं भांडं, पण ते पुसायचं ती विसरली होती.

"काही नाही… चार्जर."

"चार्जर वर आहे तुमचा. आठ दिवस बघतेय मी. जेवताना तुम्ही यांच्याकडे चोराकडे बघावं तसं बघता. आता बॅगेत हात. काय केलंय यांनी? मला सांगा ना. बायको आहे मी."

आवाज ऐकून भाऊजी ओल्या डोक्याने बाहेर आले. बॅग बघितली, वहिनीचा चेहरा बघितला, आणि बायकोलाच म्हणाले, "अगं, चिडू नकोस. त्यांना तपासावंच लागतं. नाहीतर लोकांना वाटेल घरच्या माणसाला सूट दिली. त्यांनी मला आधीच सांगितलंय सगळं."

"काय सांगितलंय मी?" कुलूपबाईने विचारलं.

भाऊजी घुटमळले. "हिच्यासमोर बोलू?"

"बोला."

"तेच की, ऑफिसात कोणीतरी फितूर आहे, गुप्त चौकशी चालू आहे. तुम्हाला कोणाला कळू न देता माझ्या नावाने आत जाऊन बघायचंय. मोबाईलवर आकडा आला की मी तुम्हाला सांगायचा. कोणाशी बोलायचं नाही, घरी तर मुळीच नाही. तुमच्याशीसुद्धा समोरासमोर हा विषय काढायचा नाही, भिंतींना कान असतात म्हणालात. मी एकदाही काढला नाही, वहिनी."

"मी कधी म्हणाले हे?"

"फोनवर. रोज तर करता. जेवतानासुद्धा ताटाआड फोन धरून मला खुणेची रिंग देता, मी ती लगेच कापतो." ते हसायला लागले, मग तिचा चेहरा बघून थांबले. "तुम्हीच तर करता ना?"

तिने स्वतःचा मोबाईल काढून हातात घेतला. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला भाऊजींचा मोबाईल वाजला. धाकटीने तो उचलला, पडद्याकडे बघितलं आणि तसाच सगळ्यांसमोर धरला.

पडद्यावर नाव होतं, 'वहिनी'. आणि वहिनीचा स्वतःचा फोन तिच्या हातात होता, गप्प, काळ्या पडद्याचा.

"उचला," ती कशीबशी म्हणाली. "स्पीकरवर टाका. मी इथे आहे असं कळू देऊ नका."

"भाऊजी, मी बोलतेय," फोनमधून तिचाच आवाज आला. तीच किंचित बसकी पट्टी, वाक्याच्या शेवटी तेच ओढणं. "एकटे आहात ना?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. भाऊजींनी फोनकडे बघितलं, मग समोर उभ्या असलेल्या वहिनीकडे. त्यांच्या केसांतलं पाणी गालावरून ओघळत होतं.

"हो… एकटाच आहे."

"शेवटचंच काम आहे. आता आकडा येईल, तेवढा सांगा. मग सुटलात तुम्ही."

कुलूपबाईने मान जोरात हलवली आणि हाताने खूण केली, लांबवा. भाऊजींना खोटं बोलायची सवय नव्हती. ते चाचरत म्हणाले, "वहिनी, इथे रेंज नाही बघा. आकडा येतच नाही. जरा वेळाने करता का?"

 मग तिच्याच आवाजात, तिच्याच थंडपणाने, "बरं," आणि फोन कट.

"सुट्टीचा दिवस म्हणून आज," ती म्हणाली. "गेटवरच्या बाईलाही आज सुट्टी. अलार्म बंद पडला तर उद्या सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही." तिने दाढीवाल्याला फोन लावला, रविवारची पाळी त्याची होती. "ऐक, शीतगृहांची लाईन तोडून टाक. आत्ताच्या आत्ता. बाकी जाळ्याशी त्यांचा काही संबंध ठेवू नकोस. आणि भाऊजींचं खातं बंद कर. कोणीतरी माझ्या आवाजात बोलतंय."



"तुझ्या आवाजात कोणीतरी बोलतंय," दाढीवाला सावकाश म्हणाला, "हे तू मला तुझ्याच आवाजात सांगतेयस."

"अरे, मीच आहे!"

"असशील. पण फोनवर सांगून लाईन तोडायची नाही, हे तूच शिकवलंयस. फोन ठेव. मी करतो तुला."

त्याने फोन ठेवला. तिघंही तिच्या हातातल्या मोबाईलकडे बघत उभे राहिले. तो वाजला तेव्हा धाकटी दचकली. दाढीवाल्याने तिचा नंबर स्वतः लावला होता. पडद्यावर कोणाचंही नाव दाखवता येतं, पण लावलेला फोन खऱ्या माणसाकडेच जातो. "आता तोडतो," तो म्हणाला.

ती भाऊजींच्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसात पोचली. भाऊजींनी ओल्या अंगावरच कपडे चढवले होते.  आत शिरल्यावर दिसलं ते असं, की ऑफिसातले निम्मे पडदे लाल झाले होते आणि त्यांवर एकच मजकूर होता: तुमच्या सगळ्या फायली आमच्या ताब्यात आहेत. दाढीवाला जमिनीवर बसून एकेक वायर उपटत होता.

"शीतगृहं?" भाऊजींनी विचारलं.

"त्यांची लाईन आधीच तोडली. त्यानंतर जरा वेळाने हे सुरू झालं. थोडक्यात वाचली."

भाऊजी जाऊन प्रत्येक दारावरचा थर्मामीटर बघून आले. औषधं शाबूत होती. मग ते एका खोक्यावर बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरून म्हणाले, "मी दिलं त्यांना सगळं. मीच दिलं."

कुलूपबाई त्यांच्यासमोर उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं. तिने फक्त दाढीवाल्याला विचारलं, "भाऊजींचं खातं बंद केलं होतं ना? मग हे आत आले कुठून?"

ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिचा आवाज कुठून मिळाला तेही कळलं. नव्या लोकांना शिकवण्यासाठी तिने स्वतः धडे रेकॉर्ड केले होते, 'फसवणुकीपासून सावध कसं राहावं' या विषयावर. भामटे कधीतरी चोरून आत आले तेव्हा ते धडे घेऊन गेले होते. तासन्‌तास तिचं बोलणं. त्यातून यंत्राने कुठलंही वाक्य तिच्या आवाजात बोलून दाखवलं असतं. आणि 'भाऊजी' हे नाव तर कंपनीच्या प्रत्येक पत्रकात, प्रत्येक फोटोखाली होतं.

मोठ्या साहेबांनी सकाळीच बैठक बोलावली. ऑफिसभर कागद-पेनाने काम चाललं होतं, ड्रायव्हर पाठ असलेल्या पत्त्यांवर गाड्या नेत होते. साहेबांनी तिचाच जुना अहवाल समोर ठेवला.

"संशयित म्हणून तुम्हीच यांचं नाव दिलं होतंत. आज मी यांना कामावरून कमी करतोय. तुम्हाला वाईट वाटेल, पण कंपनीपुढे नातं बघून चालणार नाही."

भाऊजी खाली मान घालून बसले होते.

"साहेब," ती म्हणाली, "काल दुपारी भाऊजींनी आकडा दिला नाही. त्यानंतर भामटे दुसऱ्या खात्यातून आत आले. काल तुम्हाला माझा फोन आला होता का?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. प्यायले नाहीत.

"तातडीचं आहे म्हणालात," ते शेवटी म्हणाले. "शीतगृहं वाचवायची आहेत म्हणालात, म्हणून आकडा दिला. आवाज तुमचाच होता हो. मी शपथेवर सांगतो."

"मला माहीत आहे तो माझाच होता. मीही ऐकला. भाऊजींना काढायचं तर त्यांच्या मागोमाग तुम्ही येता आणि सगळ्यांच्या आधी मी. आठवडाभर आपण दोघं चोर कोण ते बघत बसलो. त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं असतं, 'आकडा कोणाला दिलात?', तर ते दोन वाक्यांत संपलं असतं."

कोणालाच काढलं नाही. पोलिसांत तक्रार गेली. फोन कुठून यायचे ते काही कळलं नाही. कॉम्प्युटर आधी साठवून ठेवलेल्या जुन्या नकलांवरून परत उभे करायला बरेच दिवस गेले. काही दवाखान्यांचे पत्ते मात्र कोणाच्यातरी हाती गेले ते गेलेच. कँटीनमधला फळा तिने स्वतः उतरवला. आता चूक झाली तर लगेच येऊन सांगायचं, सांगणाऱ्याला कोणी बोलणार नाही, असा नियम झाला. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. मग हिशेब विभागातली एक बाई दार अर्धवट उघडून म्हणाली, "मॅडम, परवा मी कशावर तरी दाबलं. ओरडणार नाही ना?" तिच्यामागे आणखी तिघं उभे होते.

भाऊजी पुन्हा शीतगृहात रुजू झाले. तिच्याशी बोलायचे, हसायचेही. पण काही विचारायचं असलं की दुसऱ्या माणसाकडून विचारायचे.

घरी जेवण आता दोन मजल्यांवर वेगवेगळं व्हायला लागलं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. सासूबाई मधल्या जिन्यात बसून दोन्हीकडे हाका मारायच्या. शेवटी एका संध्याकाळी कुलूपबाई खाली गेली. धाकटीने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली.

"मी माफी मागायला आले," ती म्हणाली. "तो आवाज इतका हुबेहूब होता की…"

"आवाजाचं कळलं मला ताई. ते बोलणं खोटं होतं, तुम्ही नव्हतात. यांना फसवलं, तुम्हालाही फसवलं." धाकटीचा आवाज अजिबात चढला नाही. "पण बॅगेत हात घातला तो तुमचाच होता ना?"

"हो. तो माझाच."

धाकटीने मान हलवली. दार लावलं नाही, आत या असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने बाजूला सरकून भांडी आवरायला निघून गेली. कुलूपबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आतल्या खोलीत भाऊजी कोणाशीतरी फोनवर बोलत होते, मध्येच मोठ्याने हसले. पलीकडे कोण आहे ते ऐकू येतंय का, म्हणून तिने कान दिला. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती वळली आणि जिना चढायला लागली.